चोविसाव्या क्रमांकावरून अबोला

ताई, नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांचा आहे. नागपूरच्या मानेवाड्यात राहतो, मिहानमध्ये नोकरी करतो. इंग्रजी गाणी ऐकायला मला मामांनी शिकवलं. मामा बँकेतून निवृत्त झालेत, बजाजनगरला राहतात. कॉलेजात असल्यापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो. आधी तर्री-पोहा, मग एक रेकॉर्ड, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये बोलायचं नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकानं 2003 साली सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमची यादी काढली होती, तो अंक मामांनी अमेरिकेतल्या मित्राकडून मागवला होता. त्या यादीवर पेन्सिलीनं खुणा करत करत त्यांनी संग्रह जमवला.

दिवाळीत सगळे फराळाला जमलो असताना विषय निघाला. मी म्हणालो, 2020च्या नव्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिल्यावरून चोविसावर गेला आणि पहिला आला कृष्णवर्णीय गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन'. मामा म्हणाले, ही आजकालची फॅशन, कुणाला वाईट वाटू नये म्हणून काढलेली यादी. मी म्हणालो, जुनी यादीच गोऱ्या पुरुषांनी गोऱ्या पुरुषांसाठी काढली होती. "तू मला शिकवून राहिला का रे?" मामा म्हणाले. आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "मामा, तुमची यादी आउटडेटेड झाली आणि तुम्हीपण."

तेव्हापासून रविवार बंद. फोन मामी उचलते, मामा नेहमी आंघोळीला गेलेले असतात. 2023 साली याच मासिकानं गायकांच्या यादीत लतादीदींना 84वा क्रमांक दिला, तेव्हा आम्ही दोघं मिळून चिडलो होतो. आज आम्हीच भांडतोय. ताई, बरोबर कोण? रविवार परत कसा सुरू करू? आणि माझी पंधरा वर्षांची मावसबहीण आता ऐकायला सुरुवात करते आहे, तिला कोणती यादी देऊ?

— एक भाचा

*

प्रिय भाच्या,

यादीच्या भांडणावर मी सविस्तर लिहिणार आहे, पण त्याआधी तुझं ते शेवटचं वाक्य. ज्या माणसानं तुला ऐकायला शिकवलं त्याला तू चारचौघांत, त्याच्याच बहिणीसमोर, कालबाह्य म्हणालास. बीटल्सला कितवाही क्रमांक दिला असतास तरी मामा आंघोळीला गेले नसते. माफी त्या वाक्याची मागायची आहे. ती फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. बजाजनगरला जा आणि मामी घरात असताना माग, कारण अपमान तिच्याही देखत झाला होता. माफी मागताना "पण माझा मुद्दा बरोबर होता" हे शेपूट जोडू नकोस. मुद्द्याला पुढे भरपूर वेळ आहे.

आता यादी. आधी मामांचं म्हणणं तपासू.

'व्हॉट्स गोइंग ऑन' हा 1971 सालचा अल्बम. मामांच्या हातात असलेल्या 2003च्याच अंकात तो सहाव्या क्रमांकावर आहे. त्यांनी त्यावर पेन्सिलीची खूण केली असेल, जाऊन बघ. ब्रिटनच्या 'एनएमई' साप्ताहिकानं तर 1985 सालीच आपल्या समीक्षकांच्या यादीत तो पहिला ठेवला होता. त्याच साप्ताहिकानं 1974 साली 'सार्जंट पेपर्स'ला पहिलं ठरवलं होतं आणि 1993 साली बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'ला. एकाच छापखान्यातून वीस वर्षांत तीन वेगळे पहिले निघाले. तेव्हा मार्विन गे या गायकाला वर नेणं ही 2020ची फॅशन आहे हे मामांचं म्हणणं टिकत नाही. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाच्या डोळ्यांनी आपलं शहर बघणारा तो अल्बम पन्नास वर्षं लोकांच्या मनात होताच.

आणि बीटल्स खाली गेले म्हणजे काय झालं? या यादीचं काम कसं चालतं ते बघ. 2020 साली तीनशेहून अधिक गायक, वादक, निर्माते, समीक्षक आणि संगीत-व्यवसायातल्या मंडळींकडून प्रत्येकी पन्नास आवडत्या अल्बमची क्रमवार यादी मागवली. त्यांत बियॉन्से होती, टेलर स्विफ्ट होती, बिली आयलिश होती आणि मामांच्या पिढीच्या ओळखीची स्टीव्ही निक्सही होती. या सगळ्यांची बेरीज म्हणजे ती पाचशेची यादी. 'सार्जंट पेपर्स'ला चोविसावं बसवायचं असं कुणी टेबलाभोवती बसून ठरवलेलं नाही. 2003च्या पहिल्या दहांत बीटल्सचे चार अल्बम होते. 2020 साली पहिल्या दहांत एकच उरला, पाचव्या क्रमांकावरचा 'अ‍ॅबी रोड', आणि 'रिव्हॉल्व्हर' अकरावा आला. ज्याच्या नावावर पाच-सहा थोर अल्बम आहेत त्याच्या चाहत्यांची मतं पाच-सहा ठिकाणी वाटली जातात. ज्याचा एकच अल्बम सगळ्यांच्या ओठांवर आहे त्याची सगळी मतं एकाच ठिकाणी पडतात. मामांना हे सांग, त्यांना बरं वाटेल. आणि ते खरंही आहे.

बेरजेचा आणखी एक गुण तुम्हा दोघांनीही बघायला हवा. समज, तुम्ही दहा मित्रांनी प्रत्येकी दहा अल्बम लिहिले. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं करत शेवटच्याला एक. एक अल्बम दहाही जणांनी पाचव्या जागी लिहिला, त्याला प्रत्येकी सहा म्हणजे साठ गुण. दुसरा अल्बम पाच जणांनी जीव ओवाळून पहिला लिहिला आणि उरलेल्या पाचांनी लिहिलाच नाही, त्याला पन्नास. जिंकला तो अल्बम, जो कुणाचाच पहिला नव्हता. आता नियम बदल, पहिल्या जागेला दहाऐवजी वीस गुण दे. दुसऱ्याचे शंभर झाले, पहिला साठावरच राहिला. मतं तीच, माणसं तीच, विजेता बदलला. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'नं वर्षानुवर्षं समीक्षकांचं जे मतदान घेतलं, त्यात म्हणूनच प्रत्येकाला शंभर गुण दिले जात. ते दहा अल्बममध्ये वाटायचे, एकाला तीसपेक्षा जास्त नाही आणि पाचपेक्षा कमी नाही. म्हणजे कुणावर किती जीव आहे तेही मोजलं जायचं. जी मासिकं गुण कसे मोजले हे छापत नाहीत, त्यांच्या क्रमांकांवर मी तरी फार विसंबत नाही.

आता तुझं म्हणणं. त्यात तथ्य मोठं आहे. 2003च्या यादीत एकट्या स्त्री-कलाकाराच्या नावावरचा पहिला अल्बम कितवा येतो ठाऊक आहे? तिसावा. जोनी मिचेलचा 'ब्लू'. त्याच्या आधीच्या एकोणतीस जागांवर एकही नाही. 2020 साली तोच 'ब्लू' तिसरा आला. मधल्या सतरा वर्षांत त्या अल्बमचा एक सूरही बदललेला नाही, बदलले ते मत देणारे. हे मासिक सुरू करणाऱ्यांपैकी एक, यान वेनर, यांनी 2023 साली थोर संगीतकारांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. त्यात सातही जण गोरे पुरुष होते. त्याचं समर्थन करताना कृष्णवर्णीय आणि स्त्री कलाकारांबद्दल ते असं काही बोलले, की रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळातून त्यांना काढलं गेलं. निवडणारा कोण, याचा निवडीवर परिणाम होतो हे तुझं म्हणणं मी पूर्ण मान्य करते.

पण तू दोन पावलं पुढे गेलास. जुनी यादी केवळ गोऱ्या पुरुषांसाठी होती म्हणालास, आणि त्याच यादीत मार्विन गे सहावा आणि कृष्णवर्णीयच असलेल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' बारावा होता. आणि नवी यादी आली म्हणून जुनी चुकीची ठरली, असं धरून चाललास. लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' बघ. अल्बम 1998चा. 2003 साली त्याचा क्रमांक 312 होता, 2020 साली दहावा, आणि 2024 साली अ‍ॅपल म्युझिकनं शंभरांची यादी काढली त्यात पहिला. ज्या मुली तो शाळेच्या बसमध्ये ऐकत मोठ्या झाल्या, त्या आता स्वतः गातात आणि मत देतात. मामांच्या पिढीनं 'सार्जंट पेपर्स'ला पहिलं नेलं तेही असंच घडलं होतं. पंचवीस वर्षांनी आज जन्मलेली पोरं मत देतील आणि तुझी 2020ची यादी तुझ्या भाच्याला जुनी वाटेल.

म्हणजे बरोबर कोण? मत देणारे बदलले हे तू बरोबर पकडलंस. मत देणारे बदलले म्हणजे संगीत बदलत नाही, हे मामांनी बरोबर पकडलं, फक्त ते नीट मांडलं नाही. आणि दोघांनीही क्रमांकाला निकाल मानलं, ते दोघांचंही चुकलं.

मामांना पटेल असं उदाहरण देते, कारण त्यांच्या वयाच्या माणसानं रेडिओवरची 'बिनाका गीतमाला' ऐकली नसेल असं नागपुरात होणं शक्य नाही. 1964 सालच्या वार्षिक गीतमालेत पहिलं आलं 'संगम'मधलं 'बोल राधा बोल'. 2006 साली 'आउटलुक' साप्ताहिकानं संगीतातल्या जाणत्या मंडळींना विचारून हिंदी चित्रपटगीतांची यादी केली, तेव्हा पहिलं आलं 'मन रे तू काहे ना धीर धरे'. 'चित्रलेखा'तलं, रोशन, साहिर आणि रफींचं. तेही 1964चंच. एकाच वर्षातली दोन गाणी, दोन्ही पहिली. गीतमालेचे निवेदक अमीन सायानींच्या पायऱ्या रेकॉर्डविक्री आणि श्रोत्यांच्या पसंतीवर ठरत. आज कोणतं गाणं लोकांच्या तोंडी आहे, एवढाच तो प्रश्न होता. जाणत्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता, कोणतं गाणं आयुष्यभर टिकलं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पाश्चात्त्य मासिकांची अडचण अशी, की 'सर्वश्रेष्ठ' म्हणताना ती तीन-चार प्रश्न एकाच पिशवीत घालतात. कोणता अल्बम उत्तम बांधला आहे, कोणत्या अल्बमनं पुढच्यांचं गाणं बदललं, आणि कोणता तुम्हाला जवळचा वाटतो. 'सार्जंट पेपर्स' दुसऱ्या प्रश्नावर अजूनही फार वरचा आहे. तिसऱ्या प्रश्नावर आजच्या विशीतल्या मुलीकडून ते उत्तर येईल अशी अपेक्षा का करावी?

प्रश्नाआधी आणखी एक अट असते, ती कुणाच्या लक्षातच येत नाही. अल्बमची यादी म्हटली की ज्यानं अल्बम केले तोच आत येतो. लाँग प्ले रेकॉर्ड 1948 साली आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्या मापात विचार करून गाणी रचणाऱ्यांची ही स्पर्धा आहे. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहाला वसंतराव देशपांड्यांचं नाव आहे, ते वसंतराव अशा यादीत कुठून येणार? याच गावात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते शिकले, पुढे वर्षानुवर्षं सरकारी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करत गायले, आणि त्यांचं सगळं बळ मैफिलीत होतं. पुढच्या क्षणी ते कुठे वळतील हे साथीदारालाही ठाऊक नसायचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गावोगाव लोकांना पाठ आहेत, तीही कुठल्या मासिकाच्या मोजमापात बसत नाहीत. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. लाखो माणसं असतात, गाण्यांचे स्टॉल असतात, वामनदादा कर्डकांची गाणी एका स्टॉलवरून दुसऱ्या स्टॉलपर्यंत तुझी सोबत करतात. लोकांचं आयुष्य बदलणारं संगीत ही कसोटी लावली तर वामनदादांच्या बरोबरीला किती जण उभे राहतील? मला वाटतं, थोडेच. पण त्यांनी अल्बम काढायचा म्हणून गाणी लिहिली नाहीत, ती सभेत आणि वस्तीत म्हणायला लिहिली.

लतादीदींचं 84वं स्थानही इथेच उलगडतं. ती दोनशे गायकांची यादी मासिकाच्या संपादकांनी आणि लेखकांनी केली होती. मौलिकता, प्रभाव, गाण्यांचा साठा आणि वारशाचा आवाका अशा कसोट्या त्यांनी सांगितल्या होत्या. पहिली आली अरेथा फ्रँकलिन. आता प्रभाव म्हणजे कुणावरचा? जी माणसं इंग्रजी संगीतात वाढली, त्यांच्या कानांवर लतादीदींचा प्रभाव पोचणार किती? आपल्याकडे चार पिढ्यांच्या गायिका त्यांचं गाणं समोर ठेवून शिकल्या, पण ते न्यूयॉर्कमध्ये बसून ऐकू येत नाही. त्याच यादीत सेलिन डायन नव्हती म्हणून तिचे चाहते मासिकाच्या कचेरीसमोर फलक घेऊन उभे राहिले. मला त्या चाहत्यांचं कौतुक वाटतं, पण लतादीदींसाठी मी फलक धरणार नाही. त्या मासिकाला आमच्या गाण्याबद्दल निकाल देण्याचा अधिकार मी दिला असेल तरच त्या क्रमांकानं माझा अपमान होतो. तुम्ही दोघं 84वर चिडलात आणि चोविसावर भांडलात, त्यात हा अधिकार तुम्ही दोनदा देऊन टाकलात.

यादीचा खरा उपयोग शोधाशोधीला होतो. मामांनी तो केला. पेन्सिलीच्या खुणा करत, एकेक नाव ऐकत संग्रह उभा केला. त्या काळात बर्डीवरच्या दुकानांत जे मिळेल त्याच्या पलीकडे काय आहे हे सांगणारं दुसरं कोण होतं? ती यादी त्यांच्यासाठी शिक्षक होती. तिला तू कालबाह्य म्हणालास तेव्हा त्यांच्या सगळ्या कष्टांना म्हणालास, हे लक्षात घे.

आता रविवार. माफी मागून झाल्यावर लगेच वाद उघडू नकोस. पुढच्या रविवारी दोन अल्बम ऐकायचे असं सुचव, 'सार्जंट पेपर्स' आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन'. पहिला चाळीस मिनिटांचा, दुसरा पस्तीसचा, सव्वा तासाचं काम आहे. आधी मामांचा लाव. त्यातलं जॉर्ज हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' आलं की दिलरुबा आणि तबला नीट ऐक. लंडनमधल्या भारतीय वादकांना बोलावून ते केलेलं आहे, आणि मामांना त्यावर बोलायला नक्की आवडेल. मग मार्विन गे. त्यात एक गाणं संपतं तिथूनच पुढचं सुरू होतं, म्हणून मध्ये थांबवू नका. ऐकून झाल्यावर कोणता मोठा, हे विचारू नकोस. त्यांना विचार, यातलं कोणतं गाणं पुन्हा लावू?

मग तुमची यादी करा, दोघांची मिळून, आणि तिच्यात क्रमांक घालू नका. तशी यादी करता येते आणि ती थोर असू शकते. 1977 साली व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तीत कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातलं सुमारे नव्वद मिनिटांचं संगीत निवडलं. बाख आहे, बेथोव्हेन आहे, चक बेरी आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्यात कोण कितवं हे कुणीही लिहिलेलं नाही. तुम्ही प्रत्येकी दहा नावं लिहा, एका कलाकाराचं एकच. प्रत्येक नावापुढे ते का, हे दोन ओळींत लिहायचं, आणि त्या दोन ओळींत 'महान' आणि 'अजरामर' हे शब्द चालणार नाहीत. दहातली निदान तीन नावं मराठी-हिंदीतली हवीत आणि निदान एक असं, जे समोरच्यानं कधीच ऐकलेलं नाही. मामांकडे तसलं काही नक्की असणार. तुझ्याकडेही असू दे, नाहीतर शिकवण्याचं काम पुन्हा त्यांच्या एकट्यावर पडेल.

राहिली मावसबहीण. तिला एक यादी देऊ नकोस, दोन दे, मामांच्या अंकातली 2003ची आणि 2020ची. दोन्हींत वर असलेले चार-पाच अल्बम आधी ऐकू दे. 'पेट साउंड्स' दोन्हींत दुसरा आहे, सुरुवात तिथून झाली तरी चालेल. मग ज्यांचा क्रमांक सगळ्यात जास्त हलला ते ऐकू दे, 'ब्लू' आणि लॉरिन हिल. पंधराव्या वर्षी गाण्यातले शब्द फार लागतात आणि या दोघींकडे ते आहेत. ऐकताना झोप आली तर अल्बम बंद करायची तिला मुभा असू दे, पण वर्षभरानं तोच पुन्हा एकदा लावायचा एवढं मान्य करून घे. आणि तिलाही रविवारी बजाजनगरला घेऊन जा. मामांना विचारून.

— तुझी ताई